हुसर्लच्या मागावर आठ दिवस : आई, मी आणि चाळीस हजार पानं

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. एप्रिलमध्ये आई आणि मी युरोपला जाऊन आलो, पण ते आयफेल टॉवर, स्वित्झर्लंड, ट्युलिप असं नाही, एका माणसाच्या मागावर. एडमंड हुसर्ल. फिनॉमिनॉलॉजी, म्हणजे गोष्टी आपल्या जाणिवेत कशा येतात हे बघणारी तत्त्वज्ञानाची शाखा, ज्यांनी सुरू केली ते. एमएला असताना सरांनी त्यांच्यावर दोनच लेक्चर घेतली होती आणि त्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून पंधरा वर्षं गेलं नाही, की आपल्याला कुठलीही वस्तू कधीच पूर्ण दिसत नाही, एका वेळी एकच बाजू दिसते, तरी आपण "बाजू दिसली" म्हणत नाही, "वस्तू दिसली" म्हणतो. कसं काय? तेव्हापासून हा माणूस जिथे जिथे राहिला ती गावं एकदा बघायची होती.

आई का आली हे पण सांगते. आई मंत्रालयात स्टेनो होती, तीस वर्षं पिटमनची शॉर्टहँड, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. मी तिला सहज म्हटलं की हुसर्ल मागे जवळजवळ चाळीस हजार पानं ठेवून गेले आणि ती सगळी शॉर्टहँडमध्ये. ती चहा ओतत होती ती थांबलीच. म्हणाली, "चाळीस हजार? स्वतःच्या हाताने? मग मला ती बघायचीत."

दिवस पहिला, प्रोस्तेयोव

व्हिएन्नाला उतरून ब्रनोमार्गे ट्रेनने दुपारी प्रोस्तेयोवला पोचलो. आता हे चेक रिपब्लिकमध्ये, पण ८ एप्रिल १८५९ला हुसर्ल जन्मले तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं आणि जर्मनमध्ये प्रोसनित्स म्हणायचे. कापडाचं आणि तयार कपड्यांचं गाव. वडील कापडाचे व्यापारी, ज्यू कुटुंब, चार भावंडांतले हे दुसरे. इथल्या ज्यू वस्तीला एके काळी हाना प्रांताचं जेरुसलेम म्हणायचे, म्हणजे केवढी मोठी असेल बघा, आणि आज ती शोधायला गेलं तर जवळपास काहीच सापडत नाही, माणसं नाझींनी नेली आणि उरलेली घरं पुढे १९७०च्या दशकात पाडली. आम्ही त्या भागात अर्धा तास नुसत्या फिरलो. आई म्हणाली, "गिरणगावात पण असंच होतं गं, आपण सांगायचं इथे चाळ होती आणि समोर काचेची बिल्डिंग."

गावच्या मोठ्या चौकाला मासारिकचं नाव आहे, त्यांचा पुतळा पण आहे. हे बघून मला फार बरं वाटलं कारण हे टोमाश मासारिक, पुढे चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले ते, हुसर्लचे मित्र. दोघं ह्याच मोराविया प्रांतातले, लाइपझिगला भेटले, हुसर्ल तेव्हा कॉलेजातलं पोर आणि मासारिक नऊ वर्षांनी मोठे. त्यांनीच सांगितलं की व्हिएन्नाला जा, फ्रान्त्स ब्रेंटानो ह्या तत्त्वज्ञाची लेक्चर ऐक. त्या एका सल्ल्यावर पुढचं सगळं उभं राहिलं.

संध्याकाळी हॉटेलवर दशम्या आणि चटणी. तेव्हा मी आईला चाकूची गोष्ट सांगितली. हुसर्ल म्हातारपणी स्वतः सांगायचे, की लहानपणी त्यांना कोणीतरी खिशातला चाकू दिला. त्यांना वाटलं धार नीट नाही. म्हणून घासला. अजून थोडा घासला. धारेच्या नादात पातं झिजत झिजत संपायला आलं हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. हे ते हसत सांगायचे नाहीत, जरा खिन्न होऊन सांगायचे. आईने दशमीचा तुकडा हातात तसाच धरून ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "काम करणाऱ्या माणसाला ही भीती असतेच."

दिवस दुसरा, ओलोमोउत्स

ट्रेनने वीस-पंचवीस मिनिटं. हुसर्लची शाळा इथे, १८७६ला इथूनच पास झाले. अभ्यासात यथातथाच, वर्गात झोपायचे म्हणतात, फक्त गणित आवडायचं. चौकातला होली ट्रिनिटीचा खांब पस्तीस मीटर उंच आहे, युनेस्कोच्या यादीतला, खाली उभं राहून मान दुखते. इथलं ते वासाचं चीज आईने तोंडाजवळ नेऊन परत ठेवलं. शाकाहारी माणसाला ह्या देशात तळलेलं चीज आणि बटाटा हा एकच आधार, पण गरम गरम देतात, छान लागतं.

दिवस तिसरा, ट्रेनच ट्रेन आणि हाले

सकाळी सहाला निघून प्राग, मग एल्ब नदीच्या काठाने ड्रेस्डेन, मग लाइपझिग, मग हाले. दिवसभर खिडकी. हुसर्लचा हिशोब असा, की लाइपझिगला खगोलशास्त्र आणि गणित, मग बर्लिनला वायरश्ट्रास ह्या मोठ्या गणितज्ञाकडे, मग व्हिएन्नाला गणितातच डॉक्टरेट. थोडे दिवस वायरश्ट्रासचे असिस्टंट पण होते. म्हणजे हा माणूस तत्त्वज्ञानात शिरला तो गणिताच्या दारातून. संख्या म्हणजे नक्की काय, आपण "पाच" म्हणतो तेव्हा मनात काय होतं, इथून सुरुवात. १८९१ला अंकगणिताच्या तत्त्वज्ञानावर पुस्तक आलं. त्यावर फ्रेगे नावाच्या तर्कशास्त्रज्ञाने १८९४ला कडक टीका केली, की तुम्ही गणित आणि मानसशास्त्र यांची खिचडी करताय. तुम्हाला पाच सुचायला कितीही त्रास होवो, पाच म्हणजे पाचच, ते तुमच्या मनावर अवलंबून नाही.

आणि हुसर्लनी पुढे जे केलं त्याचा मला मनापासून आदर आहे. १९०० आणि १९०१ला त्यांचं तर्कशास्त्रावरचं मोठं पुस्तक दोन भागांत आलं, त्याचा पहिला भाग म्हणजे ज्या विचारात ते स्वतः अडकले होते त्याच विचारावरचा हल्ला. आपलंच घर पाडून परत पाया खणायचा.

हालेमध्ये ते १८८७ ते १९०१, चौदा वर्षं, बिनपगारी लेक्चरर. तिथल्या पद्धतीत विद्यार्थ्यांच्या फीवर भागवायचं. बायको माल्विना, ती पण प्रोसनित्सचीच, आणि तीन मुलं. बाजारचौकात पाच मनोरे आहेत, संगीतकार ह्यांडेलचा पुतळा आहे, सगळं सुंदर आहे, पण मी एका बाकावर बसून चौदा वर्षं पगार नसताना घर कसं चाललं असेल याचाच विचार करत होते. आई म्हणाली, "ते तिला विचारायला हवं होतं." तिला म्हणजे माल्विनाला.

दिवस चौथा, ग्योटिंगेन

सगळ्यात आवडलेलं गाव. १९०१ ते १९१६ हुसर्ल इथे. छोटं, सायकलींचं, आणि भिंतीभिंतींवर संगमरवरी पाट्या, ह्या घरात अमुक राहायचा, त्या घरात तमुक. त्या वेळी हिल्बर्टसारखे गणिती इथे होते आणि हिल्बर्ट हुसर्लच्या बाजूचे, तत्त्वज्ञानवाले सहकारी मात्र विरोधात. १९०५ला सरकारने प्रोफेसर करा म्हटलं तर फॅकल्टीने नको म्हटलं, पुढच्या वर्षी झाले एकदाचे.

चौकात कारंज्यावर गेन्सेलिझेल आहे, हातात बदकं, म्हणजे हंसच, घेतलेली मुलगी. डॉक्टरेट मिळाली की वर चढून तिचा मुका घ्यायचा अशी रीत. ती पण १९०१ला बसवली, हुसर्ल आले त्याच वर्षी. मी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. देवळातल्या प्रदक्षिणेसारख्या, पण डोळे तिच्यावर. समोरून चेहरा दिसतो तर पाठ दिसत नाही. मागे गेलं की पाठीवरचे कपडे दिसतात, चेहरा गेला. पण गेला का? मला माहितीये तो तिथे आहे, मी त्याला धरून आहे. जी बाजू दिसते ती न दिसणाऱ्या बाजूंना सोबत घेऊनच दिसते. आणि मी पुढे सरकते तसं, आता हंसाची मान येईल, असं डोळे आधीच तयारीत असतात, आणि आलीच. हुसर्लनी आयुष्यभर हे केलं, दिसणं म्हणजे काय हे प्रत्यक्ष दिसण्यातच शोधायचं. थेट गोष्टीपाशी चला, हे त्यांचं घोषवाक्य.

आईला कंसाची भानगड इथेच समजावली. आपण उठल्यापासून जग आहे हे धरूनच चालतो. हुसर्ल म्हणतात ते धरून चालणं थोडा वेळ बाजूला ठेवा, जग खोटं आहे असं नाही म्हणायचं, शंका पण नाही घ्यायची, फक्त कंसात टाकायचं, गणितात टाकतो तसं. मग काय उरतं? जग मला कसं कसं भेटतं, ते उरतं. आठवणीत वेगळं, कल्पनेत वेगळं, समोर असताना वेगळं. आई म्हणाली, "डिक्टेशन घेताना मला साहेब बरोबर बोलतायत की चूक, याच्याशी काही घेणं नसायचं. तो विचार आला की हात अडखळायचा. ते काय बोलले आणि कसं बोलले एवढंच." मी दोन मिनिटं गप्प बसले, कारण एवढं सोपं करून मला कोणी सांगितलं नव्हतं. अगदी तंतोतंत तेच आहे असं नाही, पण दार तेच आहे.

अजून एक. १९०५ला इथे त्यांनी काळाच्या जाणिवेवर लेक्चर दिली, त्यात उदाहरण आहे सुरावटीचं. एका क्षणी एकच सूर वाजतो, मग अख्खी सुरावट ऐकू कशी येते? तर नुकताच गेलेला सूर पूर्ण जात नाही, मागे रेंगाळतो, आणि येणारा सूर आधीच अपेक्षेत असतो. "आत्ता" म्हणजे टाचणीचं टोक नाही, त्याला मागेपुढे रुंदी आहे. आपल्याकडे विलंबित ख्याल ऐकणाऱ्या कोणालाही हे सांगावं लागू नये. समेच्या आधी सगळ्यांच्या माना जमिनीकडे यायला लागतात ना, ती सम अजून वाजलेली नसते पण ऐकू यायला लागलेली असते.

त्यांचे विद्यार्थी सांगायचे की कोणी वर्गात मोठमोठं बोलायला लागलं की हुसर्ल म्हणायचे, मोठ्या नोटा नकोत, सुटे द्या, सुटे. आईला हे इतकं आवडलं की पुढचे चार दिवस मी काही पण बोलले की "सुटे दे".

पण गाव सोडताना मन जड झालं. ८ मार्च १९१६ला धाकटा मुलगा वोल्फगांग पहिल्या महायुद्धात व्हर्दूनच्या लढाईत गेला. वीस वर्षांचा. आणि एप्रिलमध्ये हुसर्लना फ्रायबुर्गला नव्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं. पोराचं सामान पण त्याच गाडीतून गेलं असेल का, हा आईचा प्रश्न. पुढच्या वर्षी त्यांचा लाडका विद्यार्थी आडोल्फ रायनाख पण युद्धातच गेला.

दिवस पाचवा, फ्रायबुर्ग

रस्त्याच्या कडेने झुळझुळ पाण्याचे छोटे पाट वाहतात, बेखले म्हणतात, चुकून पाय पडला तर फ्रायबुर्गच्या माणसाशी लग्न होतं म्हणे. युनिव्हर्सिटीच्या जुन्या लाल बिल्डिंगवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, सत्य तुम्हाला मुक्त करेल, आणि दाराशी होमर आणि ॲरिस्टॉटल बसलेत. हुसर्ल १९१६ ते १९२८ इथे शिकवायचे. एडिथ श्टाइन त्यांची असिस्टंट, ज्यू घरातली, पुढे कार्मेलाइट नन झाली आणि १९४२ला नाझींच्या आउशवित्स छळछावणीत मारली गेली. पानांचे ढीगच्या ढीग लावून, उतरवून काढून, त्यातून पुस्तक उभं करायचं काम ती करायची आणि हुसर्ल ते तपासायचं सोडून नवीनच लिहायला बसायचे, शेवटी १९१८ला तिने काम सोडलं. आई ह्या बाबतीत पूर्ण एडिथच्या बाजूने आहे.

मग मार्टिन हायडेगर, पुढे स्वतः नावाजलेले तत्त्वज्ञ. १९१९पासून असिस्टंट, हुसर्ल त्यांना मुलासारखं मानायचे. १९२७चं त्यांचं पुस्तक हुसर्लना अर्पण. १९२८ला हुसर्लच्याच शिफारसीने त्यांच्या खुर्चीवर आले. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३च्या एप्रिलमध्ये बाडेन प्रांताने ज्यू वंशाच्या नोकरदारांना रजेवर पाठवायचा हुकूम काढला, त्यात हुसर्ल पण, निवृत्त असताना पण, १८८६ला बाप्तिस्मा घेऊन प्रोटेस्टंट झालेले असताना पण, एक मुलगा देशासाठी मेलेला असताना पण. आणि त्याच महिन्यात हायडेगर इथले रेक्टर, म्हणजे युनिव्हर्सिटीचे प्रमुख, झाले. तो हुकूम नंतर मागे घेतला गेला, पण पुढे युनिव्हर्सिटीच्या यादीतून नाव गेलंच. १९४१च्या आवृत्तीत ते अर्पणपत्र पण गेलं. हायडेगर किती मोठे वगैरे वाद तुम्ही करा, मला त्या दाराशी उभं राहून नुसता राग येत होता आणि तो अजून गेलेला नाही.

लोरेट्टोश्ट्रासे ४० हे त्यांचं घर, शांत गल्ली, मोठी झाडं. इथे बसून म्हातारा रोज लिहायचा. जर्मनीत बोलायची सोय राहिली नाही तर १९३५ला व्हिएन्नाला जाऊन बोलले, इतकी गर्दी झाली की तीन दिवसांनी तेच परत द्यावं लागलं, मग त्याच वर्षी प्रागला. वय शहात्तर. विषय होता युरोपातल्या विज्ञानांचं संकट. म्हणजे विज्ञान चुकलं असं नाही, पण मोजता येतं तेवढंच खरं असं मानत मानत आपण ज्या जगात जगतो, जेवतो, रडतो, ते जगच विसरलो. ते छापलं पण बेलग्रेडला, १९३६मध्ये. मला विचाराल तर सुरुवात करायची असेल तर इथूनच करा.

दिवस सहावा, ग्युंटरस्टाल, २७ एप्रिल

तारीख ठरवून आलो होतो. २७ एप्रिल १९३८ला हुसर्ल गेले, एकोणऐंशी वर्षांचे. दोन नंबरची ट्राम पार शेवटपर्यंत गेली की ग्युंटरस्टाल, डोंगराच्या पोटात छोटंसं गाव. स्मशानभूमी शोधायला जरा वेळ लागला. साधा दगड. मोठेपणाचं काही नाही.

अंत्यविधीला फिलॉसॉफी फॅकल्टीतून एकच माणूस आला होता, इतिहासाचे प्रोफेसर गेरहार्ड रिटर. एकच. असिस्टंट ऑयगेन फिंक बोलले. हायडेगर आले नाहीत, नंतर आजारी होतो म्हणाले. आईने बाजारातून घेतलेली पिवळी फुलं ठेवली, आणि मग जवळचा एक खडा उचलून दगडावर ठेवला, ज्यू लोक ठेवतात हे तिने कुठेतरी वाचलेलं. दोघी बऱ्याच वेळ काही बोललो नाही.

येताना एका कुंपणाआड सफरचंदाचं झाड फुललं होतं, पांढरं, कडांना गुलाबी, मधमाश्यांचा आवाज रस्त्यापर्यंत. हुसर्लच्या १९१३च्या पुस्तकात नेमकं हेच झाड आहे, बागेतलं फुललेलं सफरचंद. ते म्हणतात, झाड जळू शकतं. पण मला दिसलेलं झाड, त्या दिसण्याचा अर्थ, तो जळू शकत नाही, त्याला आग लागायची सोयच नाही. वर्गात हे वाक्य मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. इथे उभं राहून कळलं की फ्रायबुर्ग १९४४च्या नोव्हेंबरात एका रात्रीच्या बॉम्बिंगमध्ये मधोमध जळालं, आणि झाड मात्र परत फुललंय.

दिवस सातवा, परत ट्रेन

कलोनला बदल, लिएजला बदल, रात्री बेल्जियममधलं लूवेन. वाटेत आईला बुद्धाचं सांगितलं. १९२५ला हुसर्लनी नॉयमनचं पालीतून केलेलं बुद्धाच्या प्रवचनांचं जर्मन भाषांतर वाचलं आणि भारावून जाऊन छोटा लेख लिहिला. आपल्याकडे त्याच काळात गोव्याचे धर्मानंद कोसंबी पाली शिकून मराठीत बुद्ध सांगत होते. दोघांना एकमेकांच्या समोर बसवलं असतं तर, असं आम्ही लिएजपर्यंत बोलत बसलो.

दिवस आठवा, लूवेन

आता पानांची गोष्ट. १९३८च्या ऑगस्टअखेर बेल्जियमचा एक फ्रान्सिस्कन साधू, फान ब्रेडा, वय सत्तावीस, पीएचडीसाठी कागद बघायला म्हणून फ्रायबुर्गला माल्विनाकडे आला. समोर चाळीस हजार पानांचा ढीग आणि वर टाइप केलेली दहाएक हजार. त्याला कळलं की हे इथे राहिलं तर संपलं. ग्युंटरस्टालच्या मठातली एक नन, सिस्टर आडेलगुंडिस, हुसर्लची जुनी विद्यार्थिनी, तीन जड सुटकेस घेऊन कॉन्स्टान्सला गेली, स्वित्झर्लंडच्या हद्दीवर, तिथून पार करता येतील म्हणून. जमलं नाही. मग फान ब्रेडा त्याच सुटकेस घेऊन ट्रेनने बर्लिनला, बेल्जियमच्या वकिलातीत. तिथून डिप्लोमॅटिक सामान म्हणून लूवेन, कारण ते सामान कोणी उघडू शकत नाही. तेव्हा युद्ध आज होतंय का उद्या अशी परिस्थिती होती. पुढे माल्विना पण आली आणि जवळच्या हेरेंटच्या कॉन्व्हेंटमध्ये लपून राहिली. मे १९४०ला लूवेनची लायब्ररी जळाली, तीच जी १९१४ला पण जळाली होती. पानं वाचली, ती लायब्ररीत नव्हती. पण आन्टवर्प बंदरात ठेवलेलं घरचं सामान बॉम्बमध्ये गेलं, त्यात कितीतरी पत्रं.

फिलॉसॉफी इन्स्टिट्यूटला आधीच मेल टाकून ठेवला होता. तिथल्या एका बाईंनी एका पानाची कॉपी आमच्यासमोर ठेवली. आईने पर्समधून वाचायचा चष्मा काढला, पुसला, आणि पान दिव्याखाली सरकवलं. लिपी गाबेल्सबर्गर, म्हणजे जर्मन शॉर्टहँड, तिला त्यातलं एक अक्षर येत नाही. पिटमन म्हणजे भूमितीच्या रेषा, सरळ, तिरपी, अर्धगोल. हे धावत्या हस्ताक्षरासारखं, एकमेकांत गुंतलेलं, मुंग्या चालल्यासारखं. पण तिने बोट न टेकवता ओळीवरून फिरवलं आणि म्हणाली, "इथपर्यंत एका दमात आहे. इथे थांबलाय, शाई बघ. इथे खोडलंय. आणि मग सगळं परत पहिल्यापासून, मधून नाही, पहिल्यापासून." मग म्हणाली, "हे कोणाचं डिक्टेशन नाही गं. डिक्टेशनमध्ये माणूस मागे जात नाही, जायला वेळच नसतो."

त्या बाईंना मी हे इंग्रजीत सांगितलं. त्या हसल्या नाहीत, त्यांनी मान हलवली आणि अजून एक पान काढून दिलं.

१९५०पासून ही पानं पुस्तकरूपाने छापायचं काम चालू आहे, चाळीसच्या वर खंड झाले. बाहेर आल्यावर आम्ही परत बांधलेल्या त्या लायब्ररीसमोर पायरीवर बसलो, वर मनोऱ्यातल्या घंटा वाजत होत्या, डब्यात शेवटची दीड दशमी होती. आईने वही काढली आणि पिटमनमध्ये काहीतरी लिहायला लागली, बऱ्याच वर्षांनी. दोन ओळी लिहिल्या, बघितल्या, खोडल्या.

"काय झालं?"

"हात बसलेला नाही," ती म्हणाली आणि पान उलटलं. ब्रसेल्सची गाडी पाच वाजता होती, अजून तास होता.